स्टेडियमची जागा कुणी लपवली?

"लिहा, साडूभाऊ," भिंगसाहेब खुर्चीत मागे रेलत म्हणाले. "या शहरात मोठे गुन्हे घडत नाहीत, याचं श्रेय लोक उगाचच पोलिसांना देतात. खरी गोष्ट अशी, की गुन्हेगारांना मी इथे राहतो हे ठाऊक आहे. पुढे लिहा. भव्य कपाळ, गरुडाची नजर, पोलादी मज्जातंतू आणि मांजराची चाल..."

"कालच जिन्यावरून पडलात," आरेखक म्हणाला.

"मांजरसुद्धा पडतं. पण चार पायांवर पडतं."

"तुम्ही बादलीवर पडलात."

"ते लिहू नका."

आरेखकाने काहीच लिहिलं नव्हतं. भिंगसाहेबांच्या व्यक्तिमत्त्वाचं वर्णन त्याने या वर्षात इतक्या वेळा उतरवून घेतलं होतं की आता तो नुसती वहीवर पेन्सिल फिरवून कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण काढत बसे. चाळीस वर्षं नगरपालिकेच्या नकाशा विभागात काढलेल्या माणसाचा हात रिकामा राहिला की आपोआप उत्तर दिशा दाखवायला लागतो.

भिंगसाहेब हे त्याचे साडू. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. निवृत्तीपूर्वी भिंगसाहेब वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. दुकानदाराच्या वजनावरचा शिक्का खरा की खोटा हे बघायला त्यांच्या खिशात कायम एक भिंग असे, त्यावरून हे नाव पडलं. निवृत्तीनंतर भिंग खिशात राहिलं आणि दुकानदार मात्र सुटले. मग साहेबांनी घरातच तपासणी सुरू केली. साखरेच्या डब्यात कालच्यापेक्षा बोटभर साखर कमी कशी, याची त्यांनी बायकोला रीतसर लेखी विचारणा केली. त्याच सुमारास आरेखकही निवृत्त झाला आणि त्याने आपल्या घरातल्या सगळ्या बरण्यांवर सुबक अक्षरात चिठ्ठ्या चिकटवायला घेतल्या. मिठाच्या बरणीवर त्याने 'मीठ' लिहून खाली प्रमाणही दिलं. त्या दुपारी दोघी बहिणी पंधरा मिनिटं एकत्र बसल्या आणि गुप्तहेर संस्थेची स्थापना झाली. थोरलीच्या माळ्यावरची अडगळ काढून तिथे टेबल आलं, दाराबाहेर पाटी आली आणि कामाची वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी पाच अशी ठरली. वेळ बायकांनी ठरवली होती. तपास लवकर लागला तरी पाचच्या आत घरी यायचं नाही, एवढी एकच अट होती.

त्या सोमवारी मात्र दारावर खरोखरच टकटक झाली. आत आले ते विटकरी क्लबचे अध्यक्ष. क्लबचं खरं नाव लांबलचक होतं, पण जर्सीच्या रंगावरून सगळं शहर त्याला विटकरीच म्हणे. अध्यक्ष पेशाने दातांचे डॉक्टर, त्यामुळे त्यांना पाहिलं की निम्मं शहर तोंड मिटून घेत असे. भिंगसाहेबांनीही मिटलं.

"साहेब, आता तुम्हीच आमचे तारणहार," अध्यक्ष खुर्चीवर टेकत म्हणाले. "आम्हाला जागा शोधून द्या."

"कसली जागा?"

"स्टेडियमची. आमचं जुनं मैदान जातंय. नवा रस्ता सरळ पेनल्टी एरियातून जाणार आहे. नगरपालिका म्हणते, शहराच्या हद्दीत सलग दहा एकर मोकळी जागा दाखवा, अधिकृत नकाशावर लाल शाईने आखून द्या, परवानगी देतो. मुदत येत्या शनिवारी पाच वाजेपर्यंत. समिती अकरा महिने शोधतेय. आता सगळ्यांनी हात टेकले."

"आणि नाही मिळाली तर?" हे आरेखकाने विचारलं. त्याचा आवाज त्याला स्वतःलाच बारीक वाटला.

अध्यक्षांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. "मग क्लब बंद. शेजारच्या शहरातल्या क्लबात आमची पोरं सामावून घेतील म्हणतात."

"त्यांची जर्सी हिरवी आहे," आरेखक म्हणाला.

"पोपटी," अध्यक्ष म्हणाले.

भिंगसाहेब उठले. खिडकीपर्यंत गेले, परत आले. परत येताना त्यांनी बादली आठवणीने टाळली.

"डॉक्टर, माझ्या लहानपणी मी या शहरातल्या आठ वेगवेगळ्या मैदानांवर गुडघे फोडून घेतले आहेत. आज त्यातलं एक शिल्लक नाही. आता विचार करा. जमीन वाढत नाही, हे सगळे सांगतात. पण ती कमी तरी कुठे होते? कापूर आहे का ती उडून जायला? म्हणजे जागा आहे. फक्त दिसत नाही. का दिसत नाही?" त्यांनी भिंग वर धरलं. "कारण कुणीतरी ती लपवली आहे!"

"दहा एकर जागा?" अध्यक्ष म्हणाले.

"लपवायची ठरवली तर वस्तू किती मोठी आहे याला महत्त्व नाही. साडूभाऊ, लिहा. प्रकरण बेचाळीस, जागेची चोरी."

"एक्केचाळीस प्रकरणं झाली का?" अध्यक्षांनी आदराने विचारलं.

"तीन झाली," आरेखक म्हणाला. "वही मधूनच सुरू केली आहे."

मंगळवारी दोघे क्लबच्या कचेरीत गेले. ती जुन्या मैदानाच्या पायऱ्यांखालच्या खोलीत होती. आत ओल्या बुटांचा आणि मालिशच्या तेलाचा वास होता. एका कपाटात चषक होते, दुसऱ्या कपाटाला दार नव्हतं, आणि समोरच्या भिंतीवर शहराचा अधिकृत नकाशा टांगलेला होता.

नकाशा पाहताच आरेखकाने शर्टाची बाही सारखी केली. हा नकाशा त्याने काढला होता. तीस वर्षांपूर्वी, सलग चौदा महिने बसून, एकेक गल्ली, एकेक पूल. शहरातल्या प्रत्येक कचेरीत हाच नकाशा लागला, पुढचे सगळे नकाशे यावरूनच गिरवले गेले, आणि त्यावर कुठेही त्याचं नाव नव्हतं, कारण तशी पद्धत नव्हती. त्याला सगळ्यात अभिमान होता तो खालच्या बाजूच्या सूचीचा. वीतभर लांब, चार बोटं रुंद अशी ती चौकट, आणि तिच्यात दवाखाना, विहीर, पूल, टपालघर यांच्या खुणा आणि त्यांच्यापुढे अक्षरं. तेव्हाचे मोठे साहेब सूची पाहून म्हणाले होते, "हे हाताने लिहिलंय? छापील वाटतंय." चाळीस वर्षांच्या नोकरीत त्याची झालेली ही एवढीच स्तुती.

आता समितीने त्या नकाशावर अकरा महिन्यांत पेन्सिलने इतक्या फुल्या मारल्या होत्या की शहराला गोवर आल्यासारखं दिसत होतं. इथे शाळा, इथे गोदाम, इथे कोर्टात दावा चालू. सूचीची चौकट तेवढी स्वच्छ होती. तिच्यावर कुणी फुली मारली नव्हती, याचं आरेखकाला बरं वाटलं.

भिंगसाहेबांनी भिंगातून नकाशाचा कण अन् कण तपासला. "इथे संशयास्पद ठिपका आहे."

"माशी आहे ती," आरेखक म्हणाला. माशी उडाली.

तेवढ्यात गोलकीपर आत आला. सहा फूट उंच, दारातून वाकून यावं लागेल असा माणूस. आल्या आल्या त्याने दाराच्या चौकटीला पाठ लावली आणि डोळे मिटून वरखाली घासायला सुरुवात केली.

"काय होतंय?" भिंगसाहेबांनी विचारलं.

"खाज हो, साहेब. जर्सी घातली की पाठीला नुसत्या सुया टोचतात. सगळ्यांनाच होतं, पण माझी बाही लांब, मला जास्त. गेल्या सामन्यात दोन गोल खाल्ले. दोन्ही वेळेला माझे हात पाठीवर होते."

भिंगसाहेबांचे डोळे चमकले. त्यांनी आरेखकाला कोपऱ्यात ओढलं. "खाजकुयली! कळलं का? जर्सीत पूड टाकणारा आणि जागा लपवणारा एकच आहे. क्लब आतून पोखरला जातोय. आता सांगा, पुडीशी कुणाचा रोजचा संबंध येतो?"

"स्वयंपाकीण?"

"दातांचा डॉक्टर! मंजन, चुना, भुकटी. अध्यक्षांवर लक्ष ठेवा."

"पण तेच तर आपल्याकडे आले."

"तीच तर मेख आहे," भिंगसाहेब म्हणाले. जिथे स्वतःलाच काही सांगता येत नसे तिथे ते हे वाक्य वापरत.

बुधवार आणि गुरुवार हे दोन दिवस आरेखक आयुष्यात विसरणार नव्हता. गुन्हेगार सापडेपर्यंत पर्यायी जागा शोधायची, असं साहेबांनी ठरवलं. पहिली जागा त्यांनी नकाशावरच बोट ठेवून दाखवली. मोठी, सपाट, एकसंध, आणि निळी.

"ते तळं आहे," आरेखक म्हणाला. "सगळं शहर त्याचं पाणी पितं."

"काठाचा उतार बघा. लोकांना बसायला आयती सोय."

"आणि खेळायचं कुठे?"

"उन्हाळ्यात खेळायचं."

दुसरी जागा तुरुंगाची. उंच भिंती, एकच दार, फुकटे प्रेक्षक आत शिरण्याची भीती नाही. तुरुंगाधिकाऱ्याने दोघांचं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं. तो म्हणाला, बावीस खेळाडू आत घ्यायला आपली हरकत नाही, पण नव्वद मिनिटांनी बाहेर सोडण्याचं आश्वासन आपल्या अधिकारात बसत नाही. तिसरी जागा धान्यबाजाराची गच्ची. तिला कठडा नव्हता.

"चेंडू खाली गेला तर?" आरेखकाने विचारलं.

"थ्रो-इन."

"आणि खेळाडू गेला तर?"

"राखीव खेळाडू कशाला ठेवतात?"

गुरुवारी पाच वाजता आरेखक घरी गेला नाही. तो जुन्या मैदानावर गेला आणि तिसऱ्या पायरीवर बसला. ती त्याची पायरी. सात वर्षांचा असताना वडिलांनी पहिल्यांदा इथे आणलं होतं. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. आठवडाभर त्यांच्या कानाशी शंभर घड्याळं टिकटिकत असायची, म्हणून रविवारी ते मनगट मोकळं ठेवून यायचे आणि सामना रंगात आला की दर थोड्या वेळाने पोराला विचारायचे, "किती राहिलं रे?" पोराने समोरच्या मोठ्या घड्याळात बघून सांगायचं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. आरेखक अजूनही प्रत्येक सामन्याला याच पायरीवर बसे, आणि पंचाहत्तराव्या मिनिटाला बाजूला कुणी नसताना मनातल्या मनात उत्तर देई. निवृत्तीनंतर आठवड्यात त्याची वाट बघणारी ही एकच जागा उरली होती. ती गेली तर रविवार कुठे घालवायचा, हे त्याला कळत नव्हतं. त्याला खूप वाईट वाटलं आणि ते सांगावं असं कुणी जवळ नव्हतं.

शुक्रवारी सकाळी भिंगसाहेबांनी नवा बेत जाहीर केला. जर्सींचा पाठलाग.

"जर्सी स्वच्छ धुवायला जाते आणि खाज घेऊन परत येते. म्हणजे वाटेत काहीतरी घडतं. आज आपण वाटेत असणार."

क्लबच्या जर्सी धुणाऱ्या मावशी बावीस वर्षं हे काम करत होत्या. ठेंगण्या, काटक, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. सकाळी नऊला त्या धुतलेल्या कपड्यांचं गाठोडं हातगाडीवर टाकून निघाल्या. मागे वीस पावलांवर भिंगसाहेब, डोक्यावर टोपी ओढून, आणि त्यांच्यामागे मान खाली घालून आरेखक. मावशी थांबल्या की साहेब विजेच्या खांबामागे उभे राहत. खांब चार बोटं जाड होता आणि साहेबांचा घेर निरीक्षक असताना वाढलेला.

कालव्याच्या पुलापाशी चढ लागला. मावशी थांबल्या आणि मागे न बघताच म्हणाल्या, "पाठलाग करायचाच आहे तर हात लावा की. चढ आहे."

दोघांनी हात लावला. पाठलाग करणारे पुढे आणि संशयित मागे, अशी ती गाडी पूल चढून गेली. पलीकडे रेल्वेच्या गोदामांची लांब भिंत होती. भिंतीच्या टोकाशी एक फट होती, गाडी जेमतेम जाईल एवढी. मावशी फटीतून आत गेल्या. मागोमाग हे दोघे गेले आणि आरेखक जागच्या जागी थबकला.

समोर मोकळं रान होतं. गुडघाभर गवत, पार दूरवर पसरलेलं, आणि टोकाला एक अर्धवट पडलेलं विटांचं धुराडं. मध्ये खुंट रोवून दोऱ्या बांधलेल्या. मावशी त्यांच्यावर एकेक विटकरी जर्सी वाळत घालायला लागल्या.

"इथे जुनी वीटभट्टी होती," त्या तोंडातला चिमटा काढून म्हणाल्या. "तुमच्या बिल्ल्यावर आहे ना, तेच हे धुराडं. माझे आजोबा भट्टीवर होते. ही भट्टीवरचीच माणसं सुट्टीच्या दिवशी इथे चेंडू खेळायची. तिथनंच क्लब निघाला."

आरेखकाने जर्सीवरच्या बिल्ल्याकडे पाहिलं. आजवर सगळे सभासद त्या चित्राला बाटली समजत आले होते. काही सोवळ्या सभासदांनी ती काढून टाकावी असा अर्जसुद्धा केला होता.

तिकडे भिंगसाहेब गवतात गुडघ्यांवर बसले होते. दोरीवरून घसरून खाली पडलेली गोलकीपरची जर्सी त्यांच्या हातात होती आणि भिंग डोळ्याला. "सापडलं!" ते ओरडले. "टोकदार, बारीक, हजारोंनी! खाजकुयलीचा गुप्त कारखाना!"

"कुसळं आहेत ती," मावशी म्हणाल्या. "गवताची. वारा सुटला की चिकटतात. मी वेचून काढते, पण चष्म्याचा नंबर वाढलाय, काही राहून जातात. त्या उंच पोराची लांब बाहीची जर्सी वाळायला वेळ लागतो, ती जास्त वेळ राहते."

"म्हणजे तुम्हीच..."

"उठा आधी. मुंग्या आहेत तिथे."

साहेब उठले, पण मुंग्यांनी तोवर आपलं काम केलं होतं. ते पाठ खाजवत, पुराव्याचं पाकीट सांभाळत धुराड्याच्या दिशेने पळाले. आरेखक मात्र मावशींच्या बाजूला उभा राहिला.

"मावशी, ही जागा कुणाची?"

"कुणाची नाही. म्हणजे नगरपालिकेची. कोपऱ्यात त्यांचा दगड आहे."

"क्लब अकरा महिने जागा शोधतोय. तुम्ही समितीला का नाही सांगितलंत?"

मावशींनी जर्सी झटकली. "मला विचारलं कुणी? दर मंगळवारी समितीची बैठक चालू असते, मी जर्सी घेऊन आत जाते. 'मावशी, जाताना दार लोटून घ्या,' एवढंच म्हणतात. मी लोटून घेते." मग जरा थांबून त्या हळूच म्हणाल्या, "आणि खरं सांगू का? सांगितलं तर माझ्या दोऱ्या जाणार. एवढं ऊन दुसरीकडे कुठे मिळायचं नाही."

"पण न सांगता क्लबच गेला तर वाळत काय घालणार?"

हे मावशींच्या डोक्यात आलं नव्हतं. त्या हातातल्या जर्सीकडे बघत राहिल्या. आरेखकाने कोपऱ्यातला दगड शोधला आणि तिथून पावलं मोजायला लागला. लांबी, रुंदी, पुन्हा एकदा लांबी. दहा एकर कधीच ओलांडून गेले. त्याचा आनंद गगनात मावेना, आणि तरी मनात काहीतरी सलत होतं. या शहराचा प्रत्येक कोपरा त्याने स्वतःच्या हाताने कागदावर काढला होता. हे मैदान काढल्याचं त्याला आठवत नव्हतं.

समितीने जाऊन जागा पाहीपर्यंत शनिवार उजाडला. दुपारी तीन वाजता सगळे क्लबच्या कचेरीत जमले. अध्यक्ष, भिंतीला पाठ घासणारा गोलकीपर, खुर्चीत एका बाजूला कलून बसलेले भिंगसाहेब आणि पट्टी, कंपास, लाल शाई घेऊन आरेखक. मावशी दाराशी उभ्या होत्या. आज त्यांना दार लोटून घ्यायला कुणी सांगितलं नाही.

"नकाशावर आखा लवकर," अध्यक्ष म्हणाले. "दोन तास राहिलेत."

आरेखकाने कालव्याचा पूल शोधला. त्यापासून गोदामांच्या भिंतीपर्यंत पट्टीने मोजलं, भिंतीच्या टोकावरून कंपास फिरवला आणि पेन्सिल टेकवली. टेकवली आणि उचलली. पुन्हा पुलापासून मोजलं. पेन्सिल पुन्हा तिथेच आली. दवाखाना आणि विहीर यांच्या मधोमध. खऱ्या दवाखान्याच्या नव्हे. सूचीतल्या.

तीस वर्षांपूर्वीची ती सकाळ त्याला लख्ख आठवली. नकाशा पूर्ण झाला होता, सूची तेवढी राहिली होती, आणि कागदाच्या कडेला तसूभर जागा नव्हती. मोठे साहेब मोजणीचे कच्चे कागद बघत म्हणाले होते, "शहरात सगळ्यात मोठी रिकामी जागा कुठली? ही ना? मग सूची तिथे टाका. कुणाचं काही झाकलं जाणार नाही." आणि त्याने टाकली होती. सुंदर अक्षरात.

"काय झालं?" अध्यक्षांनी विचारलं.

आरेखकाला गप्प बसता आलं असतं. पट्टी घसरली, नकाशा चुकला, साहेबांची चूक, काहीही सांगता आलं असतं. तो वळला. "जागा सूचीखाली आहे. ही चौकट मी काढली. ही जागा तीस वर्षं मीच झाकून ठेवलीय. अकरा महिने तुम्ही सगळे ज्या नकाशात जागा शोधताय, त्यात ती दिसणार नाही अशी व्यवस्था मीच केली होती."

गोलकीपर खाजवायचा थांबला.

"साडूभाऊ!" भिंगसाहेब ताडकन उठले. "मी सोमवारीच काय म्हणालो होतो? जागा लपवली आहे! आणि गुन्हेगार पाच दिवस माझ्याच शेजारी बसून माझंच वर्णन लिहून घेत होता!"

आरेखकाने मान खाली घातली. एवढ्या वर्षांत साहेबांचा पहिलाच अंदाज बरोबर निघाला होता आणि तो नेमका आपल्यावर निघावा, यावर हसावं की रडावं हे त्याला कळेना.

"आता त्यात एवढं काय," दारातून मावशी म्हणाल्या. "झाकलं गेलं तर पुसा."

अध्यक्षांनी लाल शाईची दौत उघडून आरेखकाच्या हातात दिली. त्याने आपल्या आयुष्यातल्या सगळ्यात सुबक अक्षरांवरून, दवाखान्यावरून, विहिरीवरून, टपालघरावरून, सरळ चार लाल रेघा ओढल्या.

नगरपालिकेत पोचले तेव्हा कारकून टेबलाचे खण बंद करत होता. त्याने नकाशा पाहिला. "इथे तर सूची आहे. सूचीत स्टेडियम कसं बांधणार?"

"खाली जमीन आहे," आरेखक म्हणाला. "मागच्या खोलीत, डावीकडचं लोखंडी कपाट, वरून तिसरा खण. मोजणीचे मूळ कागद. सतरावा कागद काढा."

"किती राहिलं?" अध्यक्ष कासावीस होऊन म्हणाले.

आरेखकाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. हा प्रश्न त्याला फार वर्षांनी कुणीतरी मोठ्याने विचारला होता. "सहा मिनिटं," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

कारकून कागद घेऊन आला. त्यावर पिवळ्या पडलेल्या शाईत कुणा मोजणीदाराचं गचाळ अक्षर होतं, 'जुनी भट्टी. मोकळी. मालकी नगरपालिका.' पाचला दोन मिनिटं कमी असताना शिक्का बसला. गोलकीपरने कारकुनाला उचलून घेतलं. भिंगसाहेबांनी रीतसर पावती मागितली.

पुढची दोन वर्षं बांधकाम चाललं. उत्तरेकडच्या गोलमागे, भर उन्हात, मावशींच्या दोऱ्यांसाठी पक्के खांब उभे राहिले. खाली गवत कापलेलं असल्यामुळे गोलकीपरचे हात आता पुढेच असत. तुम्हाला काय हवं, असं अध्यक्षांनी आरेखकाला विचारलं, तेव्हा त्याने जुन्या मैदानावरच्या तिसऱ्या पायरीचा दगड मागितला. तो उचलून आणून नव्या स्टेडियमच्या तिसऱ्या रांगेत, मोठ्या घड्याळासमोर बसवला.

प्रकरण बेचाळीसचा शेवटचा परिच्छेद भिंगसाहेबांनी स्वतः सांगून लिहून घेतला. "गुन्हेगार, माझे साडू. शिक्षा, सौम्य समज." आरेखकाने तो शब्दशः लिहिला आणि कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण काढला.

मग नगरपालिकेकडून बोलावणं आलं. नवा नकाशा काढायचा होता आणि तसं अक्षर आता विभागात कुणाचं नव्हतं. आरेखक सहा महिने जात राहिला. कालवा काढला, गोदामं काढली, वीटभट्टीच्या जागी स्टेडियम काढलं आणि बाजूला धुराडंही काढलं. शेवटी सूची राहिली. शहर गच्च भरलं होतं, कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. "तुम्हीच बघा," नवे साहेब म्हणाले. "जिथे विशेष काही नाही, अशा ठिकाणी टाका." आरेखकाने बराच वेळ विचार केला आणि मग समाधानाने पट्टी टेकवली.

नकाशा छापून आला त्या दिवशी एक प्रत माळ्यावरच्या कचेरीत लागली. भिंगसाहेब भिंग घेऊन तासभर तिच्यासमोर उभे होते. वरून खाली, डावीकडून उजवीकडे.

"साडूभाऊ, स्टेडियम दिसतंय, तुमचं घर दिसतंय. पण माझं घर कुठे आहे? आख्खी गल्लीच सापडत नाही."

आरेखकाने वहीतून डोकं वर काढलं नाही.

"शोधा की, साहेब," तो म्हणाला. "घाई नाही. पाच वाजायला अजून वेळ आहे."